नखाला लागणारे सहा महिने

कुंदाताई राणे यांची आणि माझी ओळख एका ओढल्या गेलेल्या धाग्यामुळे झाली, आणि तो धागा माझ्याच नखाने ओढला होता. हे मी आरंभीच सांगून टाकते. प्रयोगवहीत झालेली चूक पहिल्या ओळीत लिहावी, असे मी वर्गातल्या मुलींना सांगत आले. ती शेवटासाठी राखून ठेवली की लिहायची राहून जाते.

लालबागच्या एका मुलींच्या शाळेत मी एकतीस वर्षे विज्ञान शिकवले. खडू आणि साबण या दोघांनी मिळून माझी नखे कधी धड राहू दिली नाहीत. खडूची भुकटी नखातला ओलावा शोषून घेते, आणि ती घालवण्यासाठी दर तासाला हात धुतले की उरलासुरला स्निग्धपणाही निघून जातो. माझी नखे टोकाशी कांद्यासारखी पापुद्र्यापापुद्र्याने सुटत. मी ती दातांनी सारखी करीत असे. दर सोमवारी मुलींची नखे तपासणारी बाई मधल्या सुट्टीत स्वतःची नखे कुरतडत बसते, हे सांगताना आजही संकोच वाटतो.

शाळेच्या एका समारंभाला मी आईची डाळिंबी रेशमी साडी नेसत होते. निऱ्या करताना मधल्या बोटाचे चिरलेले नख काठाच्या जरा वर अडकले आणि एक धागा वीतभर ओढला गेला. त्याच्या दोन्ही बाजूंचे रेशीम आक्रसले. आईला जाऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. मी साडीची तशीच घडी घातली, सुती साडी नेसून गेले, आणि समारंभात माझे लक्ष लागले नाही. शिवण शिकवणाऱ्या आमच्या सहकारी बाईंनी कारण विचारून घेतले. म्हणाल्या, "करी रोडला राणे म्हणून आहेत. पुलावरून उतरलीस की उजव्या हाताची चाळ, तिसरा मजला. रेशीम म्हटलं की दादरची दुकानंसुद्धा त्यांच्याकडेच पाठवतात."

कुंदाताई गॅलरीत उजेडाकडे तोंड करून पाटावर बसल्या होत्या. वय पंचावन्नच्या आसपास, बारीक बांधा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, अंगावर साधी सुती साडी. त्यांच्या अंगावर मी रेशीम पुढेही कधी पाहिले नाही. समोर पांढरी स्वच्छ चादर अंथरली होती. मी पिशवीतून साडी काढू लागले, तसा त्यांनी हात पुढे केला.

"थांबा. ती तशीच पिशवीतून चादरीवर सरकवा. तुम्ही हात लावू नका आता तिला. आधी बोटं दाखवा."

मी पालथे हात पुढे केले. सोमवारच्या रांगेतल्या मुलींना काय वाटत असेल, ते मला त्या क्षणी कळले.

"शाळेत शिकवता?"

"कशावरून?"

"खडू. आणि दर तासाला हात धुता. नळावर तो हिरवा साबण असतो ना, कपड्याचा, दोरीला टांगलेला?"

असाच होता.

"साडी आठवड्यात देते," त्या म्हणाल्या. "नखांना सहा महिने लागतील. नुसती साडी घेऊन गेलात तर पुढच्या समारंभाला परत याल, आणि मला त्याच धाग्याची दुरुस्ती दोनदा करायला आवडत नाही."

ओढलेला धागा जागी कसा बसवतात, हे मी पुढे अनेकदा पाहिले. बारीक सुईच्या टोकाने तो एकेक घर मागे सरकवायचा, आणि सरकवला की अंगठ्याच्या नखाच्या कडेने हलकेच दाबून बसवायचा. बोटाचे मांस त्या कामाला मऊ पडते आणि सुई टोचते. नखाची कड तेवढी नेमकी असते. पण त्याच कडेला केसाएवढी चीर गेली, तर तेच नख एकाऐवजी चार धागे ओढून आणते. कुंदाताईंची पोटापाण्याची सारी गोष्ट या एका कडेवर उभी होती. आणि नवल असे की त्यांची नखे उपजतच कमकुवत होती. "कागदी," असे त्याच म्हणत. पातळ, लगेच वाकणारी, जरा दुर्लक्ष झाले की फाटणारी. अशा नखांवर त्यांनी तीस वर्षे रेशीम सांभाळले, ते निव्वळ शिस्तीने.

रोज सकाळी रेशमाचे गाठोडे सोडण्याआधी त्या शिफॉनचा एक जुना, आकाशी रंगाचा तुकडा काढत आणि दहाही नखे त्याच्यावरून एकेक करून फिरवत. तुकडा कुठे अडकला नाही, तर काम सुरू. कुठे जरासाही अडकला, तर रेशीम त्या दिवसापुरते बंद. मग सुती साड्यांना फॉल लावायचे, परकरांना नाडे घालायचे. "आज तुकडा नाही म्हणाला," असे त्या दुकानात फोन करून सांगत, आणि दुकानवाल्यांनाही त्याचा अर्थ कळत असे. दादरचे मोहनशेठ, ज्यांच्याकडचे सर्वांत मोलाचे काम त्यांच्याकडे येई, एकदा मला म्हणाले, "बाई, माझ्याकडे कारागीर भरपूर आहेत. पण आज मला जमणार नाय असं सांगणारी ही एकच."

नखांचे त्यांचे नियम मी पहिल्या दोन भेटींत वहीत उतरवू लागले होते. अनुक्रमांक घालून. त्यांनी पेन खाली ठेवायला लावले.

"लिहून घेऊ नका, बाई. लिहिलं की माणसाला वाटतं केलं."

तरीही ते मला पाठ आहेत, आणि इथे नोंदवून ठेवायला त्यांची आता हरकत नसावी. नखे आंघोळीनंतर, ओली आणि मऊ असताना कापावीत. कोरडे नख कापताना तडकते. कानस एकाच दिशेने, कडेकडून मध्याकडे चालवावी. करवतीसारखी मागे-पुढे केली की थर सुटतात. नखाने डबा उघडू नये, चिकटपट्टी खरवडू नये, लसूण सोलू नये. त्यासाठी चमच्याचा दांडा असतो. मुळाशी असलेली पातळ कातडी कापू नये, कारण ती नखाची राखण आहे. पाण्यात हात घालायचे तर रबरी हातमोजे, आणि त्यांच्या आत सुती, नाहीतर घामानेच नख भिजून फुगते. तेल लावायचे ते नखाच्या वर नुसते फासायचे नाही. ते मुळाशी, कातडीच्या कडेला जिरवायचे. "वर दिसतं ते नख गेलं हो केव्हाच," त्या म्हणत. "येणारं नख आत असतं. त्याची सोय बघायची."

तेलाची मात्र त्यांना मोठी अडचण होती, कारण तेल हे रेशमाचे वैरी. एक थेंब पडला की डाग कायमचा. म्हणून तेल संध्याकाळी, गाठोडे बांधून कपाटात गेल्यावर. सकाळी बेसनाने हात धुवायचे, कोरडे करायचे, वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर बोटे दाबून पाहायची, आणि मगच शिफॉनचा तुकडा. समोर टॉवर उभा राहिल्यापासून गॅलरीत ऊन अकरापर्यंतच येई. कुंदाताई त्याला शिव्या घालत नसत. सगळे वेळापत्रक त्यांनी दीड तासाने अलीकडे ओढले, आणि झाले.

मला त्यांनी खडूसाठी वेगळा उपाय सांगितला. दर तासाला हात धुण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसायचे, आणि धुवायचे ते डबा खाण्याआधी, साध्या साबणाने. सहाव्या महिन्यात माझ्या दहाही नखांच्या कडा जन्मात पहिल्यांदा अखंड झाल्या. दाखवायला गेले, तर त्या म्हणाल्या, "आता खरी परीक्षा. आता तुम्हाला वाटणार, झालं." तेव्हापासून रविवारी सकाळी नऊ वाजता भोईवाड्यातून निघून करी रोडला जाण्याचा माझा नेम पडला. कामाचे निमित्त उरले नव्हते. त्या माझा हात हातात घेत, एकेक बोट उजेडात वळवून पाहत, जिथे लागेल तिथे कानस फिरवत, आणि बोलत. मी एकटी राहते. आठवड्यातून एकदा कोणीतरी आपला हात हातात घेते, याची सवय किती खोल जाते, ते तेव्हा कळले नव्हते.

हातमोज्यांची गोष्ट त्यांनी मला अशाच एका रविवारी सांगितली. लग्न होऊन आल्या तेव्हा घरात सासूबाई, दोन नणंदा आणि भांड्यांचा ढीग. रेशमाचे काम मिळू लागले, तसे त्यांनी लालबागच्या बाजारातून गुलाबी रबरी हातमोजे आणले आणि ते घालून चाळीच्या सामायिक नळावर भांडी घासायला बसल्या. नळावरच्या बायकांना आठवडाभर दुसरा विषय नव्हता. "डॉक्टर, आमचा नंबर कधी?" असे एकीने विचारले. दुसरी म्हणाली, "भूल दिलीत ना पातेल्याला?" पण सगळ्यांत वरचढ निघाल्या सासूबाई. त्या कणकवलीकडच्या, मालवणीत बोलणाऱ्या. त्यांनी दारातूनच विचारले, "काय गो, भांडी घासतंस काय कोणाचा पोट फाडतंस?"

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारले.

"मी काय म्हणणार? ह्यांनी म्हटलं."

'हे' म्हणजे वसंतराव, ज्यांना सगळी चाळ भाऊ म्हणते. रे रोडच्या एका लाकडाच्या वखारीत कारकून होते. अबोल माणूस. दुसऱ्या दिवसापासून भाऊ पहाटे पाचला उठून, नळावर कोणी यायच्या आत, सगळी भांडी घासून ठेवू लागले. महिनाभर कोणाला कळले नाही. कळले तेव्हा सासूबाईंनी जेवण सोडले. भाऊ ताटावरून उठले नाहीत, शांतपणे म्हणाले, "आये, ह्या घरात माझं नख तुटलं तर काही अडत नाही. तिचं तुटलं तर अडतं." ही गोष्ट सांगताना कुंदाताई नेहमी शेवटच्या वाक्याला थांबत, आणि आतल्या खोलीतून भाऊंचा आवाज येई, "एवढं बोललो नव्हतो मी." त्यावर त्या म्हणत, "बोलला नव्हतात, पण मी ऐकलं ना."

त्यांच्या बोलण्याला धार होती, पण ती त्या कानस लावून वापरत. मोहनशेठच्या दुकानात त्यांच्याबरोबर गेले असताना घडलेला एक प्रसंग माझ्या डोळ्यांसमोर आहे. रेवती नावाची गिरगावातली मुलगी लग्नाची नऊवारी नेसून पाहायला आली होती. तिने बोटाबोटाला इंचभर लांब, मोतिया रंगाची कृत्रिम नखे चिकटवून घेतली होती. तिचा हात पदराकडे गेला, तशा कुंदाताई स्टुलावरून उठल्या.

"बाळा, जरा थांब. ती नखं काढता येतील?"

"नाही ओ काकू, चिकटवलेली आहेत. फोटोसाठी केलीत."

"फोटोत साडी पण येणार ना?"

मोहनशेठ गल्ल्यावरून म्हणाले, "ताई, जाऊ दे ना, कस्टमर आहे."

"शेठ, साडी तुमची आहे तोवर बोलते. बिल झालं की गप्प बसते."

मग त्यांनी पिशवीतून औषधाच्या दुकानात मिळणारी कागदी पट्टी काढली, आणि त्या मुलीची दहाही टोके एकेक करून गुंडाळली. इतक्या काळजीने, की तिची आई हसायची थांबली. रेवतीने आरशात पाहिले. "काकू, मी अपघातातून उठून आल्यासारखी दिसतेय."

"लग्नाच्या आधी सगळ्याच तशा दिसतात. नेस आता निवांत."

महिन्याभराने तीच रेवती चाळीचे तीन मजले चढून आली. नखे कागदाहून पातळ, लालसर, हात लावला तरी दुखणारी. मी तिथेच होते.

"ओढून काढलीस?"

"गाडीत बसल्या बसल्या. कंटाळा आला होता."

"गाडीत," कुंदाताई एवढेच म्हणाल्या. मग त्यांनी तिला समजावले, की चिकटवलेले नख भिजवून, सैल करून, मिनिटांच्या हिशेबाने सोडवायचे असते. हिसकले की ते आपल्या नखाचे वरचे थर घेऊनच निघते. आता काय करायचे, तर बारीक कापायचे, संध्याकाळी मुळाशी तेल, आणि बाकी काही नाही. "सहा महिने. रंग नाही, लेप नाही, दुसरी कुठली हुशारी नाही." रेवती दर महिन्याला भाऊंच्या फोनवर हाताचा फोटो पाठवू लागली. भाऊ तो दोन बोटांनी मोठा करून वखारीत माल मोजून घेण्याच्या आवाजात वाचून दाखवत, "करंगळी अर्धी आली. अंगठा मागे आहे." आणि कुंदाताई सुईवरची नजर न काढता म्हणत, "अंगठा मागेच असतो."

सहा महिने. नख मुळापासून टोकापर्यंत यायला साधारण तेवढा काळ लागतो, हे शरीरशास्त्रही सांगते. कुंदाताईंचे तर साऱ्या आयुष्याचे मोजमाप तेच होते. वेगळ्या राहणाऱ्या मुलाची बायको रुसून माहेरी गेली, चाळीत गच्चीचा वाद झाला, भाऊंची नोकरी सुटली. कशावरही त्यांचा पहिला उपाय नीट काळजी घ्यायची आणि सहा महिने थांबायचे, हाच. बहुतेक वेळा तो लागू पडे. मला त्या धीराचे इतके कौतुक होते, की त्यात काही धोका असू शकेल हे माझ्या मनात आले नाही. आता मी दुसरी चूक लिहिते.

एका श्रावणात शिफॉनचा तुकडा अडकला. असे पूर्वीही होई, पण ते दिवस-दोन दिवसांपुरते. या वेळी तो आठवडाभर रोज अडकत राहिला. नखे मधोमध उभी चिरत होती. घरात तेव्हा एक जुनी पैठणी आली होती. गिरगावातल्या एका आजींची, काठाची जर सुटलेली. मोहनशेठनी ती दुसऱ्या कोणाला दाखवलीही नव्हती. आठव्या दिवशी कुंदाताईंनी ती चादरीत गुंडाळून स्वतः परत नेऊन दिली. शेठ म्हणाले, "ताई, ठेवा ना तुमच्याकडंच. नख बरं झालं की करा. आजींना घाई नाय."

"माझ्याकडे राहिली तर मी करायला जाईन," कुंदाताई म्हणाल्या. "तुमच्या कपाटात राहू दे."

एवढीच इच्छा त्यांनी बोलून दाखवली: नखे पुन्हा ठिकाणावर यावीत, आणि ती पैठणी आपल्या हातून व्हावी. मग आम्ही दोघी कामाला लागलो. खोबरेलाऐवजी तिळाचे तेल. हातमोज्यांच्या आतले सुती मोजे रोज नवे. कानस बदलली. मी वहीत तारखा घालून नोंदी ठेवल्या. या वेळी त्यांनी मला अडवले नाही. दसऱ्यापर्यंत फरक नव्हता. दिवाळीच्या सुमारास एका रविवारी त्यांनी मला बोलावून तर्जनी दाखवली. नखावर तेलाचा थेंब ठेवला होता, आणि तो तिथेच थांबला होता.

"बघा, बाई. पूर्वी तेल ओघळून जायचं. आता जागच्या जागी राहतं. मुरेल बरं."

मी पाहिले. नख मध्ये किंचित खोलगट झाले होते, कडा वर उचललेल्या, आणि थेंब त्या खळग्यात मण्यासारखा बसला होता. मी म्हणाले, "हो, चांगलं लक्षण आहे." वहीत तशी नोंदही केली. ती नोंद अजून आहे.

त्या थकू लागल्या होत्या. जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर बसत. मी त्याचा दोष वयाला दिला, त्यांनी चाळीच्या उंच पायऱ्यांना. चेहरा पांढुरका दिसे, तो आम्ही दोघींनी गॅलरीत ऊन कमी येण्यावर ढकलला. आणि सहा महिने पुरे व्हायचे होते, म्हणून थांबलो.

संक्रांतीनंतर शाळेत आरोग्यतपासणी झाली. तरुण डॉक्टरीणबाई होत्या. सातवीतल्या एका मुलीचा हात धरून त्यांनी तिच्या नखावर पाण्याचा थेंब सोडला, आणि मला म्हणाल्या, "बाई, हे बघा. थेंब ओघळत नाहीये. नख चमच्यासारखं झालं की समजायचं, शरीरात लोह फार कमी आहे. हिच्या घरच्यांना बोलवा."

लोहाचा पाठ मी दरवर्षी आठवीला शिकवीत असे. हिमोग्लोबिन, फिकट त्वचा, धाप, थकवा. ही सगळी लक्षणे मी फळ्यावर माझ्या हाताने लिहीत असे. त्या दिवशी उरलेले दोन तास मी कसे घेतले ते आठवत नाही. शाळा सुटताच करी रोडला गेले आणि कुंदाताईंना तशाच, चपला घालून, खाली उतरवले. रक्त तपासले, तेव्हा हिमोग्लोबिन निम्म्याहून कमी भरले. परळच्या रुग्णालयातले डॉक्टर कागद पाहत म्हणाले, "रक्त कुठूनतरी जातंय. इतके महिने काय करत होतात?"

"तेल लावत होते," कुंदाताई म्हणाल्या.

पुढच्या तपासण्यांत कर्करोगाची गाठ सापडली; ती आतड्यात होती आणि तोपर्यंत यकृतात पोहोचली होती. कापून काढण्याजोगी राहिली नव्हती. रक्त चढवता येईल, शिरेतून लोह देता येईल, त्याने तरतरी येईल, असे डॉक्टरांनी भाऊंना बाजूला घेऊन सांगितले. भाऊंनी ते जसेच्या तसे कुंदाताईंना सांगितले; त्यांच्या घरात तशीच रीत होती.

रुग्णालयाच्या बाकावर मी त्यांना म्हणाले, "मी विज्ञान शिकवते, कुंदाताई. मला दिसायला हवं होतं."

त्यांनी सवयीने माझा हात हातात घेतला. मग म्हणाल्या, "मी तीस वर्षं रेशीम हाताळलं. रेशमाचा किडा अजून पाहिला नाही." थोड्या वेळाने, "दोघींनी मिळून पाहिलं, आणि दोघींनाही हवं तेच दिसलं. तुमच्या एकटीवर कशाला घेता?" त्यांनी माझे ओझे वाटून घेतले, पण ते हलके झाले असे मी म्हणणार नाही.

लोह अंगी लागले. हे मी मुद्दाम लिहिते, कारण त्या चार महिन्यांत त्यांना जो आनंद झाला तो खरा होता. तिसऱ्या आठवड्यात मुळाशी एक गुलाबी, सपाट, चकचकीत कड उगवली. पुढचे खोलगट, चिरलेले नख आणि मागून येणारे धडधाकट नख, यांच्यामध्ये एक आडवी रेघ स्पष्ट दिसे. दर रविवारी ती रेघ पुढे सरकलेली असे. भाऊ पट्टीने मोजत. दुखणे वाढत होते, अन्न उतरत नव्हते, साडीच्या निऱ्या दुपटीने घालाव्या लागत होत्या. आणि दहा बोटांवर मात्र त्यांच्या आयुष्यातली सर्वांत चांगली नखे येत होती. "जन्मभर अशी नखं मागत होते," त्या एकदा हात उजेडात धरून म्हणाल्या. "शरीरात एवढं सगळं बिघडलंय, आणि ह्यांना कोणी सांगितलंच नाही वाटतं."

त्यांना जाऊन आता दोन वर्षे झाली. मी निवृत्त झाले. खडू सुटला, त्यामुळे माझ्या नखांना आता फारसा धोका नाही. रविवारी नऊ वाजता मात्र हात रिकामे वाटतात. संध्याकाळी तेल लावताना डाव्या हाताला उजवा आणि उजव्या हाताला डावा, एवढेच उरते. आपल्याच हाताला आपला हात लागला तर बोट कोणीतरी धरले आहे असे वाटत नाही. भाऊ कधी भेटले की फोनमधला रेवतीच्या हाताचा जुना फोटो मोठा करून दाखवतात. आम्ही दोघे तो पाहतो आणि चहा घेतो.

शेवटच्या त्या गुरुवारी मी शाळेत जाण्याआधी त्यांच्याकडे डोकावले होते. सकाळचे साडेनऊ वाजले असतील. ऊन गॅलरीत होते. त्या खुर्चीत उशीला टेकून बसल्या होत्या, आणि आवाज इतका खाली गेला होता की मला वाकून ऐकावे लागले.

"शेठना निरोप द्याल? म्हणावं, पंधरा दिवसांनी पैठणी पाठवा. तांदळाच्या दाण्याएवढं राहिलंय."

मी त्यांची बोटे पाहिली. रेघ खरोखरच टोकाशी आली होती. "देते," मी म्हणाले. "आज शाळेतूनच फोन करते."

"फोन नको. जाऊन सांगा. फोनवर ते हो-हो म्हणतात."

मी जिना उतरून चाळीच्या चौकात आले आणि वर पाहिले. भाऊंनी त्यांना कठड्यापाशी आणून उभे केले होते. एका हाताने त्यांना सावरून धरले होते. मला वाटले, त्या निरोपाचा हात हलवत आहेत. पण हात हलत नव्हते. दोन्ही पंजे, पालथे, बोटे सुटी करून त्यांनी माझ्यापुढे धरले होते. तीन मजल्यांच्या अंतरावरून नखे दिसत नाहीत. मी पाहिली, आणि चांगली आहेत अशी मान हलवली.